बादलीभर पाण्याचा मळा

‘जालना सोने का पालना’ अशी एक म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कापूस, धान्य आणि सराफी यांच्या उलाढालीवर कुंडलिकेच्या काठचे हे गाव निजामी मुलुखातली एक मातब्बर बाजारपेठ म्हणून गणले जाई. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके आणि परभणीचे परतूर मिळून जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज या गावाची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक लोखंडी सळया आणि दुसरे बियाणे. देशाच्या कोणत्या कोपऱ्यात भेंडीचे किंवा वांग्याचे शेत दिसले, तर त्याचे बी जालन्याच्या एखाद्या गोदामातून गेलेले असण्याचा संभव बराच.

आणि तरीही गंमत अशी की, ज्या गावाने देशाला भाजीचे बी पुरवले, त्या गावातल्या मध्यमवर्गीय घराच्या अंगणात भाजीचे एक रोप दिसेल तर शपथ! अंगणात शहाबादी फरशी असते, तुळशीवृंदावन असते, कोपऱ्यात एक कढीपत्ता असतो. बाकीची भाजी हातगाडीवरून. एखाद्या गृहिणीला कारण विचारा, ती चटकन म्हणेल, “अहो, इथे प्यायच्या पाण्याची पंचाईत, भाजीला कुठून घालू?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. जालन्याला नळाच्या पाण्याची वाट कित्येक दिवस पाहावी लागते, हे गावकरी वर्षानुवर्षे अनुभवत आले आहेत. २०१२ साली पाऊस रुसला, तेव्हा या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या स्वत:च्या हाताने तोडून टाकल्या. गावात टँकरमागे घागरींच्या रांगा लागल्या. अशा मुलुखात परसबागेचा उपदेश करणे म्हणजे पुण्या-कोल्हापूरच्या माणसाने उंटावरून शेळ्या हाकण्यासारखेच व्हायचे. म्हणून या लेखात त्या गृहिणीच्या प्रश्नाचेच उत्तर आधी शोधायचे आहे आणि त्यानंतर कुदळ हातात घ्यायची आहे.

आधी बादली, मग टेप

परसबाग करणारे बहुतेक हौशी लोक काय करतात? आधी जागा मोजतात. ‘इकडे वीस फूट मोकळे आहे, तिकडे दहा फूट आहे’ असे म्हणत सगळे अंगण खणून काढतात. दिवाळीत हिरवेगार होते, संक्रांतीला कौतुक होते आणि शिमग्याला सारे करपून जाते. मग ‘आपल्या मातीत गुण नाही’ असा निकाल दिला जातो. वस्तुत: दोष मातीचा नसतो. हिशेब उलट्या बाजूने सुरू केलेला असतो, इतकेच.

खरा हिशेब पाण्यापासून सुरू होतो आणि तो शाळकरी मुलालाही करता येईल इतका सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. आपल्याकडे हिवाळ्याच्या दिवसांत पिकाच्या पानांतून आणि मातीतून मिळून दिवसाला साधारण ४ मिलिमीटर पाणी उडून जाते. आता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असा एक वाफा घ्या. तो ३२ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ३ चौरस मीटर भरतो. त्याला दिवसाला १२ लिटर पाणी पुरते. म्हणजे एक बादली, तीही काठोकाठ न भरलेली!

ही बादली नळाकडे मागायची नाही. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकघरात तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी, सकाळी बदलताना माठातले शिळे पाणी, पाहुण्यांच्या पेल्यांत उरलेले पाणी हे सारे मोरीत न ओतता एका बादलीत साठवून पाहा. संध्याकाळपर्यंत ती बादली बरीचशी भरलेली असते. आठवडाभर हे मोजावे, एका कागदावर लिहून ठेवावे आणि जेवढे लिटर भरतील त्या बेताने वाफ्याचा आकार ठरवावा. ६ लिटरच मिळत असतील, तर ४ फूट लांबीचा वाफा करावा आणि समाधान मानावे. जालन्यातला वाफा टेपने नव्हे, बादलीने मोजायचा, हे एवढे सूत्र ज्याने पाळले, त्याचा मळा वाळत नाही.

मात्र पाण्यापाण्यात फरक असतो. कपडे धुण्याचे आणि अंघोळीचे साबणाचे पाणी या वाफ्याला घालू नये. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि काळ्या मातीला त्यांचे वावडे आहे. त्यांनी माती चोपण होते. ओली असता चिखल आणि सुकली की दगड. आपल्या आजीच्या परसात मोरीच्या तोंडाशी केळ, अळू आणि कर्दळ लावलेली असे, त्यात मोठे शहाणपण होते. ही झाडे सांडपाणी सोसतात. तेव्हा साबणाचे पाणी केळीला आणि स्वयंपाकघराचे पाणी वाफ्याला, अशी वाटणी करून टाकावी. पाणी शुद्ध करण्याच्या आर. ओ. यंत्रातून जे पाणी वाया जाते, त्यात क्षार गोळा झालेले असतात. बोअरचे पाणी मुळातच खारट असेल, तर हे वाया जाणारे पाणी लादी पुसायला वापरावे, भाजीला नको.

आणखी एक बादली आकाशातून येते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २६,००० लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठवायला कोणाकडे जागा आहे? पण परतीच्या पावसात १००० लिटरची एक टाकी जरी पन्हाळीखाली भरून घेतली, तरी रोज १५ लिटरप्रमाणे दोन महिन्यांहून अधिक दिवस वाफ्याची चिंता मिटते.

हा विचार नवा नाही. जालन्याजवळच्या कडवंची गावाने तो शिवारभर करून दाखवला आहे. १९९६ पासून तेथे कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाची कामे झाली. उतारावर बांध घातले गेले, पाणी अडले, मुरले आणि मग शेतोशेती शेततळी झाली. २०१२ च्या दुष्काळातही या गावाच्या द्राक्षबागा तगल्या. आधी पाणी साठवले आणि नंतर वेल लावले, हा त्या गावाचा क्रम. अंगणातल्या वाफ्यालाही तोच क्रम लागू आहे.

काळी माती आणि गादीवाफा

आता कोणी विचारील की जमिनीतच सरळ आळे करून भाजी लावली तर काय बिघडले? उंच वाफ्याचा थाट कशाला?

त्याचे उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. ही माती बेसाल्ट दगडाच्या झिजेतून तयार झालेली. कापसाला ती आईसारखी. पण तिचा स्वभाव लहरी. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट गारा होते. वरचे पाणी खाली उतरत नाही आणि भाजीची कोवळी मुळे श्वास कोंडून कुजतात. ऊन तापले की तीच आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत मुळे तुटतात. घर बांधताना अंगणात पसरलेला मुरूम, चुना-सिमेंटचा राडारोडा आणि विटांचे तुकडे हे सगळे त्यात मिसळलेले असते, ते वेगळेच.

शेतकऱ्याला हे पूर्वापार ठाऊक आहे. म्हणून कांद्याचे, मिरचीचे, वांग्याचे रोप टाकायचे झाले, की तो सपाट वाफा न करता वीतभर उंचीचा गादीवाफा करतो. गादीसारखा उंच आणि मऊ, म्हणून गादीवाफा. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी भारी काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि त्याच्या कडेने सरी अशी पद्धत बसवली. जादा पाणी सरीतून वाहून जाते आणि पीक वरंब्यावर कोरड्या पायाने उभे राहते. मराठवाड्यात आज कितीतरी सोयाबीन या रुंद वरंब्यावर पेरले जाते. आपल्या अंगणातला वाफा म्हणजे या दोहोंचे धाकटे भावंड. फक्त त्याला चारी बाजूंनी विटांची कड लावायची.

बांधणी

जागा अशी निवडावी की जिथे हिवाळ्यात दिवसाचे निदान सहा तास ऊन येते. वाफ्याची लांबी दक्षिणोत्तर ठेवली, तर दोन्ही बाजूंना ऊन सारखे मिळते. रुंदी ४ फुटांहून अधिक नको. कारण कोणत्याही बाजूने हात घातला की तो मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय देण्याचा प्रसंग येता कामा नये. पाय पडला की माती दबते आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो. वाफा कुंपणाच्या भिंतीला लागून असेल, तर रुंदी २ फूट बस्स. घराच्या भिंतीपासून मात्र त्याला दीड-दोन फूट दूर ठेवावे. नाहीतर मेथी बाहेर आणि ओल घरात!

उंची १ फूट पुरते. घरात गुडघे दुखणारे आजोबा-आजी असतील आणि त्यांना या कामात रस असेल, तर दीड ते दोन फूट करावी. कडेवर बसून त्यांना निवांत निंदणी करता येते. पण उंची वाढली की माती आणि पाणी दोन्ही अधिक लागतात, हे विसरू नये.

१ फूट उंचीची, चार इंची विटांची कड करायला सुमारे दीडशे विटा लागतात. काळ्या मातीवर थेट विटा रचल्या तर पहिल्याच पावसाळ्यात माती फुगून भिंत तडकते. म्हणून सहा इंच खोल चर खणून त्यात मुरूम भरावा, पाणी मारून धुमसाने चोपावा आणि त्यावर पहिला थर बसवावा. सर्वांत खालच्या थरात दर दोन फुटांवर दोन विटांमध्ये बोटभर फट ठेवावी. जादा पाणी आणि त्याबरोबर साचलेले क्षार तिथून बाहेर पडतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सिमेंट वापरूच नये. विटा नुसत्या सांधेमोड करून रचाव्या, म्हणजे बदली झाली की बाडबिस्तऱ्याबरोबर वाफाही हलवता येतो. विटांऐवजी शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडूनही छान कड होते.

जालन्याला भंगाराची वाण नाही. पिंपे, पत्रे हवे तितके मिळतात आणि त्यांचा मोह पडतो. पण ज्या पिंपात पूर्वी काय होते ते माहीत नाही, त्यात खाण्याची वस्तू लावू नये. शिवाय पत्र्याची कड एप्रिलच्या उन्हात तव्यासारखी तापते आणि कडेची मुळे भाजून निघतात.

एक इशारा गच्चीविषयी. फूटभर ओली माती दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो वजन टाकते. आपल्या साध्या वावराच्या गच्च्या साधारण दीडशे किलोच्या जादा भाराच्या हिशेबाने आखलेल्या असतात. म्हणून गच्चीवर असा वाफा बांधण्याचे धाडस इंजिनिअरला विचारल्याखेरीज करू नये. तिथे पालापाचोळ्याने भरलेले हलके क्रेट बरे.

भरणी : पऱ्हाटीपासून शेणखतापर्यंत

८ × ४ फुटांच्या, १ फूट उंच वाफ्यात सुमारे ९०० लिटर माल मावतो. नेहमीचे घमेले १०-१२ लिटरचे धरले, तर ही ऐंशीएक घमेली झाली. सगळी माती विकत आणायची गरज नाही.

प्रथम तळाची जमीन टिकावाने सहा-नऊ इंच ढिली करावी. तळाशी प्लास्टिक घालू नये. मुळांना खाली जायला वाट हवी. त्यावर वीस घमेली काडीकचरा पसरावा. आपल्या जिल्ह्यात हा माल मुबलक आहे : पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची ताटे, उसाचे पाचट. हातभर लांबीचे तुकडे करून, पाण्याने भिजवून, पायाने तुडवून बसवावे. हा थर स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो आणि वर्षभरात कुजून त्याचे खत होते.

त्यावर मिश्रण घालायचे ते असे : ३० घमेली माती, २० घमेली पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि १० घमेली जाडी वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम. दोन-तीन किलो निंबोळी पेंड त्यात मिसळली, म्हणजे काडीच्या आशेने वाळवी येत नाही. माती कोणती घ्यावी? तलावाचा गाळ मिळाला तर उत्तमच. जालन्याची जुनी तहान भागवणाऱ्या घाणेवाडी जलाशयातला गाळ नागरिकांनी लोकवर्गणीतून काढला, ही या गावाची अभिमानाची गोष्ट आहे. २०१७ पासून शासनानेही धरणांचा गाळ काढून शिवारात नेण्याची योजना हाती घेतली. गाळ सकस खरा; पण तो नुसता वापरला तर सुकून सिमेंटासारखा घट्ट होतो. खत आणि वाळू यांच्या सोबतीनेच तो गुण देतो.

शेणखताची परीक्षा नाकाने करावी. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे. पावसानंतरच्या रानाचा वास आला तर पक्के. कच्च्या खतात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या असतात आणि त्या रोपांची मुळे कुरतडतात. शिवाय कच्चा काडीकचरा वरच्या मातीत मिसळला, तर तो कुजताना मातीतले नत्र स्वत:च खाऊन टाकतो आणि रोपे पिवळी पडतात. म्हणून काडी तळाशी आणि पक्के खत वर.

वाफ्याची वरची दोन इंच कड रिकामी सोडावी, दोन-तीन वेळा पाणी मारून माती बसू द्यावी आणि मग आठ-दहा दिवस थांबावे. तेवढ्यात तणाचे बी उगवून येते, ते उपटता येते. पहिल्या वर्षी माती दोन-तीन इंच खाली बसेल. घाबरू नये, ती खताने भरून काढावी.

बियाण्याच्या गावाची भेंडी

आता बियाण्याकडे वळू. या बाबतीत जालनेकरासारखा भाग्यवान कोणी नाही. हिंगोलीत १९३१ साली जन्मलेले बद्रीनारायण बारवाले हे जालन्यात वाढले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे शेतीत लक्ष घातले. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ नावाचा भेंडीचा नवा वाण दिला होता. बारवाल्यांनी त्याचे बी जालन्यात वाढवले. लोक त्या बियाण्याच्या शोधात त्यांच्या दाराशी येऊ लागले आणि १९६४ साली ‘महाराष्ट्र हायब्रीड सीड्स’ म्हणजेच ‘महिको’ ही कंपनी उभी राहिली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. २०१७ साली ते वारले. एका भेंडीच्या ओंजळभर बियाण्यातून एका गावाचे नशीब कसे पालटले, याचे हे उदाहरण.

पण या गोष्टीला एक पुढचा अध्याय आहे आणि तो घरच्या बागाइताने ध्यानात ठेवावा. ‘पुसा सावनी’ निघाली तेव्हा ती केवडा रोगाला दाद देत नसे. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि भेंडी पांढुरकी, टणक निघते. पुढे हा वाणही रोगाला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच ‘सावनी’चा एका रानटी नातलगाशी संकर करून १९८० नंतरच्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. तात्पर्य, कोणतेही बी कायमचे अजिंक्य नसते. दरसाल चौकशी करून, पाकिटावरची तारीख पाहून ताजे बी घ्यावे.

पाकिटावर ‘संकरित’ लिहिले आहे की नाही तेही पाहावे. संकरित वाण उत्पन्न भरघोस देतो. पण त्याच्या फळातले बी पुढल्या वर्षी पेरले, तर आईबापांपैकी कोणाचे गुण उतरतील त्याचा भरवसा नाही. ज्यांना बी घरीच धरायचे आहे, त्यांनी सुधारित सरळ वाण किंवा गावरान बी घ्यावे. गुलाबी-निळे दिसणारे बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावे.

तुळशीच्या लग्नाला पेरणी

मराठवाड्यात घरच्या भाजीचा आरंभ करायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सौम्य होत असते आणि पालेभाजीला हवी ती थंडी दाराशी आलेली असते. भाऊबीजेला वाफा भरून ठेवावा. आठ-दहा दिवसांनी तुळशीचे लग्न येते, तोवर माती बसलेली असते.

८ फूट लांबीचे चार समान भाग करावे. उत्तरेच्या टोकाला उंच वाढणारी चार टोमॅटोची रोपे दीड-दीड फुटावर लावून त्यांना काठ्यांचा आधार द्यावा. म्हणजे त्यांची सावली इतरांवर पडत नाही. त्यांच्या शेजारच्या भागात दोन वांगी, दोन मिरच्या आणि कडेने वाटाण्याची ओळ. तिसऱ्या भागात मुळा आणि गाजर चार-चार इंचांवर आणि मोकळ्या जागी लसणाच्या पाकळ्या. चौथा भाग मेथी, पालक आणि कोथिंबिरीचा. धणे पाट्यावर हलके रगडून त्यांच्या दोन फाळ्या कराव्या आणि रात्रभर भिजवून पेराव्या. अख्खा धणा उगवायला फार दिवस लावतो.

मेथी एकदम सारी पेरू नये. चार ओळी करून दर दहा दिवसांनी एक ओळ पेरावी. नाहीतर महिन्याने घरात एकाच दिवशी सहा जुड्या मेथी निघते, तिचे ठेपले, पराठे आणि वरणही होते आणि घरातली माणसे मेथीचे नाव काढले की पळू लागतात! महिन्याभरात मेथी, सव्वा महिन्यात पालक, दीड महिन्यात मुळा असा हा क्रम चालतो.

पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी, सकाळी किंवा संध्याकाळी द्यावे. रोज चमचा-चमचा देण्यापेक्षा, रोपे वाढीला लागल्यावर, एक दिवसाआड पण खोलवर मुरेल असे द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आच्छादन. रोपांच्या मधली माती उघडी ठेवू नये. वाळला पाला, पाचट, सोयाबीनची गुळी यांचा दोन इंच थर दिला, की उन्हाने उडणारे पाणी पुष्कळ वाचते. जालन्यात आच्छादन म्हणजे निम्मी बादली!

किडीचा बंदोबस्त स्वयंपाकघरात बसून करता येतो. रोज सकाळी पानांची मागची बाजू पाहावी. मावा दिसला तर पाण्याची धार मारावी. वांग्याचा शेंडा माना टाकून सुकलेला दिसला तर आत अळी आहे असे समजून तो शेंडा कापून नष्ट करावा. कडूनिंबाच्या वाळलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवाव्या, सकाळी फडक्याने गाळून त्यात चिमूटभर साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. वाफ्याच्या कोपऱ्यांत झेंडू लावला तर मुळांतल्या सूत्रकृमींना आळा बसतो आणि देवालाही फूल मिळते.

वैशाखात वाफ्याला सुट्टी

फाल्गुन संपता संपता हिशेब बदलतो. उन्हाचा पारा ४० अंशांवर गेला की तोच वाफा दिवसाला २५ लिटर, गरम वारे सुटले तर त्याहून अधिक पाणी मागू लागतो. ज्यांच्याकडे टाकीत पावसाचे पाणी शिल्लक आहे, त्यांनी फेब्रुवारीतच गवार, चवळी आणि भेंडी लावावी, पश्चिमेला मांडव करून त्यावर दोडक्याचा वेल चढवावा, म्हणजे दुपारचे तिरपे ऊन अडते. वाफ्यात दोन कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरून ती पाण्याने भरून झाकावी. पाणी झिरपून थेट मुळांना मिळते, वाऱ्याला मिळत नाही.

पण ज्यांची बादली एकच आहे, त्यांनी एप्रिल-मे महिन्यात वाफ्याला खुशाल सुट्टी द्यावी. शेवटची भाजी काढून वर खत पसरावे, त्यावर जाड पाला घालावा आणि मृगाची वाट पाहावी. यात हार मानण्यासारखे काही नाही. शेजारच्या आळीत बायामाणसे टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या असताना आपल्या टोमॅटोला पाइप लावणे शोभत नाही. आपला शेतकरीसुद्धा उन्हाळ्यात जमीन तापत ठेवतो. विश्रांती हा मातीचाही हक्क आहे. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच वाफ्यात भेंडी, कारले, गवार जोमाने येते आणि शेजारची सपाट जमीन चिखलात रुतलेली असताना हा वाफा मात्र डोके वर काढून उभा असतो.

मिळते काय?

शेवटी कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील, “एवढ्या खटाटोपात मिळते किती?” खरे सांगायचे तर ३२ चौरस फुटांत चौघांच्या घराची सगळी भाजी निघत नाही आणि तशी निघते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घराला रोज किलो-सव्वा किलो भाजी लागते. वाफ्यातून निघेल ती आठवड्याला दोन-तीन वेळची पालेभाजी, रोजच्या आमटीपुरती कोथिंबीर, अधूनमधून वांगी-टोमॅटो. पैशांत मोजले तर विटांचा खर्च निघायलाही वेळ लागेल.

पण वाफ्याबरोबर घरात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पाणी मोजण्याची सवय. ज्या घरात डाळ धुतलेले पाणी जपून ठेवले जाते, त्या घरातला मुलगा दात घासताना नळ सोडून ठेवत नाही. आज किती लिटर जमले ते तो स्वत:च कागदावर लिहू लागतो. पाऊस पडला की पन्हाळीखाली बादली लावायला धावतो. कडवंचीच्या शेतकऱ्यांनी शिवारात जे केले, ते पाऊल आपल्या घरात अंगणाच्या मापाने पडते. ज्या जिल्ह्याची पुढची पिढीही पाण्याच्या काळजीतच वाढणार आहे, तिथे हे शिक्षण शाळेतल्या धड्यापेक्षा लवकर अंगी मुरते.

म्हणून यंदा फराळाची ताटे आवरली की एक बादली मोरीजवळ ठेवा आणि आठवडाभर तिच्यावर नजर ठेवा. तुळशीच्या लग्नाला पेरलेत, तर भोगीच्या दिवशी मिसळीच्या भाजीत बाजारातल्या हरभऱ्या-बोरांबरोबर घरचा वाटाणा पडेल, जमले तर एखादे कोवळे वांगे पडेल आणि गाजरे फार तर बोटाएवढी झालेली असतील. तीही घाला. बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी वाढताना ती किती बादल्यांची आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल.